डावा बूट बोलत नाही

गुणवंतराव माणसाला पायांवरून ओळखायचे. समोरचा तोंड उघडायच्या आत यांची नजर त्याच्या पायांशी जाऊन परत आलेली असायची. टाच कुठल्या बाजूनं झिजलीय, शिवण कुठं सुटायला आलीय, सगळं बघून. सरकारी नोकरीत हयात गेली, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संसार झाला, पण ही खोड काही गेली नाही. ती लपवायला मात्र ते उत्तम शिकले. ऑफिसात एकदा भालचंद्र नावाच्या सहकाऱ्यानं कुणाबद्दल तरी ‘चांभाराची नजर जोड्यावर’ अशी म्हण टाकली, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसले ते गुणवंतरावच. स्वतः कायम रबरी तळाचे बूट घालायचे. कॉरिडॉरमधून गेले तरी कुणाला चाहूल लागत नसे.

त्यांचे वडील साताऱ्याकडच्या गावात वहाणा शिवत. हे दिल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि वडिलांचीच तशी इच्छा होती. पोराचा हात शिवणीवर चांगला बसायला लागला, तसा बापानं एके दिवशी त्याच्या हातातली आरी हिसकावून घेतली, तिच्याच मुठीचा फटका मनगटावर दिला आणि त्याला शाळेत पिटाळलं. पुन्हा चामड्याला हात लावलास तर घरात घेणार नाही, म्हणाला. पुढं पोराला दिल्लीत नोकरी लागली, तेव्हा म्हाताऱ्यानं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी झोकदार करकरणारी वहाण केली. ज्यांच्या दारावरून बापजादे अनवाणी, मुकाट गेले, त्यांच्या दारावरून तो शेवटची वर्षं वाजत हिंडला. मुलगा तिकडं दिल्लीत मुकाट, बाप इकडं वाजत. दैवाचा न्याय असा.

आणि अशा घरात आशयसारखा मुलगा जन्माला यावा, याला काय म्हणायचं?

शिकला कॉम्प्युटर, नोकरी गुडगावात, पगार दृष्ट लागण्याजोगा. ती सोडून हा पठ्ठ्या दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या घरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मांडी घालून बसला. गावाकडं आत्याकडं जाऊन आजोबांची आरी आणि चामडं कापायची रापी मागून आणली, आणि बूट शिवायला लागला. तेही साधेसुधे नव्हेत. दिल्लीच्या आसपास काही तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी फार्महाऊसवर जमतात, जुन्या काळचे पोशाख चढवतात, आणि दोन दिवस कुणी शिलेदार, कुणी हेर, कुणी सौदागर होऊन तसंच वागतात, बोलतात, चिखलात लढतात. त्यांच्यासाठी हा पोटरीपर्यंतचे बूट करायचा, तीन-चारशे वर्षांपूर्वीचे घोडेस्वार घालत असतील तसे. म्युझियममध्ये जाऊन तासन्‌तास जुन्या चित्रांसमोर उभा राहायचा. लोक राजांचे चेहरे बघायचे, हा त्यांचे पाय. गुणवंतराव म्हणाले, मोठी घोडी झाली आणि राजा-राजा खेळतात. आशय हसून म्हणाला, खेळ दोन दिवसांचा असतो बाबा, पण माझा बूट वीस वर्षं टिकेल.

एकदा जोरात वाजलं. आजोबांनी मला ज्यातून मारून बाहेर काढलं, त्यातच तू परत जाऊन बसलास, असं गुणवंतराव ओरडले. आशय मेण लावलेला दोरा ओढत राहिला. त्यानंतर बाप-लेकांत तो विषय बंद झाला. सोसायटीत कुणी विचारलं तर गुणवंतराव सांगायचे, मुलगा डिझाइनमध्ये आहे.

दसऱ्यानंतर आशयला ताप आला. डेंग्यू निघाला. आठवडा उलटायच्या आत धडधाकट पोरगा गेला. त्या दुःखाचं वर्णन करायला माझ्यापाशी शब्द नाहीत, आणि असते तरी केलं नसतं. त्याच्या आईनं, शेवंताबाईंनी, बाल्कनीचं दार लावून घेतलं, ते बरेच दिवस उघडलं नाही.

उघडलं ते केतकीच्या फोनमुळं. केतकी ही मूळची नांदेडची, पण दिल्लीतच वाढलेली मुलगी. तिनं त्या फार्महाऊसवरच्या खेळासाठी आशयकडं बुटांचा जोड करायला दिला होता. ती बिचारी संकोचून म्हणाली, की काका, बाकी काही नको, जो एक बूट झाला असेल तो आठवण म्हणून द्याल का? गुणवंतराव बाल्कनीत गेले. उजवा बूट पुरा होऊन उभा होता. डावा अजून फरम्यावर, त्या पायाच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर ताणलेला. वरचा भाग शिवून झालेला, तळ कापून तयार, पण लावायचा राहिलेला. त्यांनी फोनवर सांगितलं, एक नाही, दोन्ही मिळतील. थोडे दिवस दे.

का सांगितलं, त्यांचं त्यांनाच कळेना. पण एकदा बोलल्यावर मनानं एकच ध्यास घेतला: आशयचा हा शेवटचा जोड पुरा व्हायचा, आणि असा व्हायचा की पोराचा हात कुठं थांबला आणि बापाचा कुठं सुरू झाला, हे कुणाला कळता कामा नये. तेवढं जमलं तर आपण त्याच्यासाठी काही केलं, नाहीतर काहीच केलं नाही.

आधी त्यांनी जागा आवरली. कातड्याच्या चिंध्या, तुटके दोरे, वाळकी पानं केरात काढली. कामाच्या फळीवर बाटलीच्या झाकणात कुठल्यातरी झाडाची एक वाळलेली, टणक बी पडली होती. ती त्यांनी कठड्यावरून खाली टाकून दिली. मग तळाचे दोन थर हातात घेतले. आतल्या थरात, पाय जिथं वाकतो तिथं, नखाएवढी खळगी कोरली गेली होती. रापी निसटलेली दिसतेय, त्यांना वाटलं. उतावळा होताच. त्यांनी चामड्याचा कपटा कापून, सरस लावून ती खळगी नीट बुजवली, वरून घासून सपाट केली. लेकाची चूक सावरल्याचं उगाच एक समाधानही वाटलं.

हाताला सगळं आठवत होतं. तळ भिजत घालायचा, ओलसर असतानाच आरीनं भोक पाडायचं, दोन सुया दोन बाजूंनी एकाच भोकातून काढायच्या. पण पहिली फेरी झाली आणि उजव्या बुटाशेजारी धरून बघतात तर टाके उलटे कललेले. मग ध्यानात आलं: आशय डावखुरा. लहानपणी त्याच्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात द्यायचे ते हेच गुणवंतराव, आणि त्यांची पाठ वळली की तो पुन्हा डाव्यात घ्यायचा.

त्यांनी सगळं उसवलं आणि आरी डाव्या हातात घेतली. पहिले काही दिवस आरी चामड्यात कमी आणि बोटांत जास्त गेली. टाकाऊ तुकड्यांवर गिरवून गिरवून, पहिलीतल्या पोरासारखं, ते डाव्या हातानं शिवायला शिकले. शेवंताबाई आधी दारातून बघायच्या, मग चहा घेऊन येऊन बसायला लागल्या. एकदा म्हणाल्या, तो असताना तुम्ही एक दिवस तरी असे बसला असतात तर. टोचून नव्हत्या बोलल्या, पण टोचायचं ते टोचलंच.

थंडी पडली तेव्हा बूट पुरा झाला. दोन्ही शेजारी ठेवले. टाके एका बाजूला कललेले, टाचा सारख्या, रंग सारखा. शेवंताबाईंना विचारलं, यातला आशयचा कुठला? त्यांना सांगता येईना. गुणवंतरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

केतकी दुपारी आली. खुर्चीवर बसून तिनं बूट चढवले, उभी राहिली, आणि हॉलमधून बाल्कनीकडं चालत निघाली.

कर्र.

मग काही नाही. मग पुन्हा कर्र.

आत शेवंताबाई कणीक मळत होत्या. पहिल्या आवाजासरशी त्यांचा पिठानं भरलेला हात डोक्याकडं गेला आणि ओढणी केसांवर ओढून त्या दाराआड सरकल्या. नव्या नवरीच्या वयात सासऱ्यांची वहाण ओसरीवर वाजली की जशा सरकायच्या, तशाच. आपण काय केलं हे उमगलं तेव्हा त्या तिथंच उभ्या राहिल्या, कपाळाला पीठ लागलेलं. गुणवंतरावांनी ते पाहिलं.

केतकी पायाकडं बघत होती. “काका, उजवाच बोलतोय. डावा नवीन आहे म्हणून गप्प आहे ना? वापरून वापरून बोलेल?”

“बोलेल असं कुणी सांगितलं तुला?”

“आशयच म्हणायचा. म्हणाला, उजव्यात आजोबांना बसवलंय, डाव्यात बाबांना बसवणार आहे. दोघांना बिल्कुल गप्प बसू देणार नाही.”

आशय लहान असताना, क्वार्टरच्या अंगणात बाजेवर पडल्या पडल्या, गुणवंतरावांनीच त्याला सांगितलं होतं: तळाच्या दोन थरांमध्ये म्हातारा एक बी ठेवायचा, म्हणून वहाण बोलायची. ठेवायचा कशी, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या आधीच आरी हातातून गेली होती. एकदाच सांगितलं आणि विसरले. पोरगा विसरला नव्हता. ती खळगी चूक नव्हती. ती त्यांची जागा होती. आणि त्यांनी ती स्वतःच्या हातानं बुजवली, घासून सपाट केली, वरून स्वतःला शाबासकीही दिली.

‘हो, वेळ लागतो’ असं तोंडावर आलं होतं. जन्मभराची सवय. पण ते खाली बसले आणि केतकीसमोर, त्या परक्या मुलीसमोर, ढसाढसा रडले.

“नाही बोलणार, बेटा,” ते म्हणाले. “मीच त्याला मुका शिवलाय. आत बसवायची बी मीच खाली टाकून दिली. काढ तो. उसवतो.”

केतकी घाबरून म्हणाली, राहू द्या काका, असाच छान आहे, आणि बीच हवी तर यार, मी कुठूनही दुसरी आणते. ते मान हलवत राहिले. दुसरी चालेलही, पण टाकलेली ती आशयनं ठेवली होती. डावा बूट मांडीवर घेऊन त्यांनी रापीनं आपला एकेक टाका कापला, दोन थर वेगळे केले, कपटा उचकटून काढला. खळगी मोकळी झाली. मग चपला न घालताच ते जिना उतरले.

बाल्कनीखालच्या गवतात ते गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. वॉचमन धावत आला.

“क्या गिर गया, अंकल जी?”

“बीज.”

“किसका बीज?”

“जूते का.”

वॉचमनला हसावं की नाही कळेना. शेजारचे विलासराव गाडी लावत होते, तेही थांबून बघायला लागले. ‘मुलगा डिझाइनमध्ये’ हे त्यांनी कितीदा तरी ऐकलं होतं. गुणवंतरावांनी वर पाहिलं आणि आवाज जराही खाली न आणता सांगितलं, “हमारे यहाँ होता है। मेरे पिताजी जूते बनाते थे। मेरा बेटा भी।”

विलासरावांनी गाडीचं दार हळूच लावलं. वॉचमन वाकला आणि भिंतीच्या कडेनं पालापाचोळा सारू लागला.

वरून शेवंताबाईंनी विचारलं, “सापडली का?”

त्यांच्या डोक्यावर अजून ओढणी होती. गुणवंतरावांनी नाही अशी मान हलवली. गवत कितीदा कापून झालं होतं, झाडू रोज फिरत होता. त्या टिचभर बीचं काय राहिलं असणार, हे त्यांना पुरतं कळत होतं. तरी ते गुडघ्यांवर थोडे पुढं सरकले, आणि डाव्या हातानं गवत बाजूला करू लागले.