राखलेला सडा

“बेडं कोणी काढलान?”

कमलाकाकूचा आवाज सड्यावरनं थेट खाली आमच्या वाडीपर्यंत आला. मी गोठ्यातलं शेण भरत होतो. पाटी तिथंच टाकली आणि पाखाडी चढून वर गेलो. राखलेल्या पट्ट्याच्या वाटेवरच्या बेड्याचे आडवे बांबू कुणीतरी उपसून बाजूला फेकले होते. आत गुडघाभर वाळलं गवत, आणि त्या गवतात गावपुढारी महिपतदादाचा पुतण्या विनीत दोनचार दोस्तांना घेऊन पावलांनी जमीन मोजत होता.

“काय मोजतंस रे?” काकूनं विचारलं.

“ग्राऊंड. माघात क्रिकेटची टूर्नामेंट हाय. मुंबयच्या टीमा येतायत.”

“ह्या गवतात खेळणार?”

“गवात ऱ्हायला तर ना!” विनीत म्हणाला, आणि सगळे फिदीफिदी हसले.

काकूच्या तोंडाकडं मला बघवेना. हे गवत आमच्या सड्यावर कसं आलं, ते सांगायला हवं.

आमचा सडा म्हणजे हेदवीच्या वरच्या अंगाचं पठार. नुसता काळा कातळ, त्यावर मातीचं पातळ साल. भात कापून झालं की गावानं गुरं मोकाट सोडायची. ती सड्यावर सुटली की गवताला डोकं वर काढू द्यायची नाहीत. उरलंसुरलं फाल्गुनात वणव्यानं जायचं. पावसात माती धुपून खाली पऱ्याच्या पाण्यात, आणि सड्यावर खडी. चैत्रात गुरांच्या फासळ्या लांबून मोजाव्यात अशी गत.

गफूरभाय कुवेतहून कायमचे परतले आणि त्यांनी म्हशी घेतल्या. एकदा सड्यावर म्हशी चारताना त्यांनी बौद्धवाडीतल्या कमलाकाकूला कबरस्तानाचा दगडी गडगा दाखवला. गडग्याच्या आत कमरेएवढं गवत आणि बाहेर हातभर अंतरावर टक्कल.

“माती तीच, पानी तोच,” गफूरभाय म्हणाले. “आत गुरा जात नायत, येवढाच फरक.”

“मग सगला सडा कबरस्तान करायचा काय?” काकू म्हणाली.

“सगला नको. एक तुकडा झाकायचा, एक चारायचा. मग फिरवायचा.”

त्या दोघांनी गावाच्या मागं लागून सड्याचे पट्टे पाडले. पावसाळ्यात एक पट्टा पूर्ण बंद. बाकीच्यात सगळी गुरं एकत्र, पाळीपाळीनं राखायची, गवत मूठभर उरलं की पुढं काढायची. बंद पट्ट्यातलं गवत पिकून बी झडलं, की मग थोडे दिवस गुरं आत घालून बी खुरांनी तुडवून घ्यायचं. उभं वाळलेलं गवत उन्हाळ्यासाठी ठेवायचं. आग मात्र कुणी लावायची नाही. महिपतदादा तेव्हाही म्हणाला होता, “आता गुरा कशी चारायची ता बौद्धवाडीनं आमाला शिकवायचा?” काकूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पट्ट्याभोवतीच्या गडग्याचे दगड तिनं डोक्यावरनं वाहिले. पहिल्या साली काही दिसलं नाही. पुढल्या साली गवत आलं, सड्याखालचा झरा शिमग्यापर्यंत ओला राहिला, आणि जे नावं ठेवत होते तेच आपापली गुरं घेऊन पाळीला उभे राहायला लागले.

त्या गवताला विनीतनं जमीन मोजल्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी काडी लावली.

आम्ही धावलो. गफूरभाय, काकू, मी, हातात ओल्या डहाळ्या घेऊन झोडपत होतो. पण वारा समुद्राकडचा. पट्टाच्या पट्टा चरचरत गेला. टिटव्या डोक्यावर ओरडत फिरत होत्या. महिपतदादा गडग्यावर बसून बघत होता.

“दादा, उठा की!” मी ओरडलो.

“गवातच हाय रे,” तो म्हणाला. “पावसात परत येल. गावाचा नाव होतला, ता बगा.”

काकूच्या भुवया होरपळल्या होत्या. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या पायाशी थुंकली आणि घरी गेली.

माघात गावाचं नाव झालं. रोलर फिरवून पीच केलं, मांडव घातला, भोंगे लावले. महिपतदादानं नारळ फोडला. सामने संपले, मांडव उठला, आणि सड्यावर उरली ती घाण. रश्शानं माखलेल्या पत्रावळ्या, पिशव्या, कोंबडीची हाडं, गुटख्याच्या पुड्या, गडग्याच्या आडोशाला बाटल्यांचा खच. वास असा की तिकडनं जाताना नाकाला पदर लावावा. उचलायला कोण? मुंबईचे मुंबईला गेले, गावचे घरात बसले. विनीत म्हणाला, “वाऱ्यानं जाईल.”

वाऱ्यानं गेलं ते सगळ्या सड्यावर पसरलं.

चैत्रात गुरांना घालायला काही नव्हतं. राखलेलं गवत जळून गेलेलं, पेंढा संपत आलेला. पाळी मोडली. ज्यानं त्यानं दावी सोडून गुरं वर हाकलली. भुकेलं जनावर रश्शाचा वास आलेली पिशवी सोडतं होय? पिशवीसकट गिळतं.

महिपतदादाची तांबडी गाय सगळ्यात देखणी. ती फुगली, रवंथ थांबला, मान टाकून पडली. गफूरभायला बोलावणं गेलं. ते आले, तिची फुगलेली कूस चाचपली आणि डॉक्टरला बोलवा म्हणाले. गुहागरहून गुरांचे डॉक्टर येईपर्यंत गाय गेली होती.

डॉक्टरांनी सड्याच्या कडेला पोट उघडलं. आम्ही सगळे भोवती उभे. आतनं निघाला तो पिशव्यांचा एकच गोळा, कुजलेला, काळाहिरवा, घमेल्यात मावेना. त्यात सुतळी, प्लास्टिकचे पेले, आणि टूर्नामेंटच्या फलकाचा एक तुकडा. त्यावर महिपतदादाचा हात जोडलेला अर्धा फोटो. दुर्गंधी अशी उठली की विनीत गडग्याशी जाऊन भडाभडा ओकला. महिपतदादानं नाकाला रुमाल लावला.

“नशीब माझा,” तो म्हणाला.

“नशीब?” कमलाकाकू पुढं झाली. “रुमाल काढा तो. घ्या वास. ही तुमची जेवणावळ हाय. तिचा गवात जाळलात आणि तिला ह्या वाढलात!”

तेव्हा कुणीच तिला गप्प बस म्हणालं नाही.

चार दिवसांनी शाळेच्या पडवीत गाव बसलं. कुणी म्हणालं, पाळी परत सुरू करूया. कुणी म्हणालं, काकूनं आणि गफूरभायनी मनावर घ्यावं. काकू खांबाला टेकून ऐकत होती.

“मी नाय करणार,” ती म्हणाली. “मला तुमची किळस येते. तोंडावर सांगतंय. गडगा आमी रचायचा, आग तुमी लावायची. परत आमीच रचायचा?”

“मग गुरांनी काय करायचा, कमल?” गफूरभाय हळू म्हणाले. “त्यांनी काय केलान?”

काकू खांब सोडून पुढं आली. मग म्हणाली, “ज्यांनी घाण केलानी त्यांनी हातांनी उचलायची. आणि राखणीची पाळी घरटी. महिपतदादांची पाळी महिपतदादांनी करायची, गडी पाठवायचा नाय.”

“मी? ह्या वयात काठी घेऊन गुरामागं?” महिपतदादा उसळला. “गाव हसंल मला.”

“जातील ते!”

बायकांच्या घोळक्यातनं मालनवैनी उठल्या. महिपतदादाची बायको. गावासमोर त्यांचा आवाज आम्ही प्रथमच ऐकला. “त्या गायीचा शेण मी काढला, धार मी काढली. मेली तेव्हा ह्यांनी रुमाल लावलानी. जातील नायतर उरलेली गुरा मी कमलच्या गोठ्यात बांधतंय.”

दुसऱ्या दिवशी महिपतदादा सड्यावर आला.

त्यानं पोती घेऊन सडा वेचला. विनीत बरोबर होता, दोघांच्या तोंडाला फडकी. काकू तिकडं फिरकली नाही. आषाढात त्याची पाळी आली तेव्हा मात्र ती गडग्यावर छत्री धरून बसली होती.

“मूठभर ऱ्हायला. पुढं काढा,” ती ओरडली.

“अजून थोडा खाऊदेत गो.”

“पुढं काढा म्हटला ना!”

त्यानं काढली.

जळलेल्या पट्ट्यात श्रावणात विरळ का होईना, गवत उठलं. पण रोलर फिरला होता तिथं एक काडी नाही. घट्ट, गुळगुळीत चौकोन, टक्कल पडल्यासारखा. गणपतीत विनीत तिथं उभा राहून मुंबईहून आलेल्या दोस्तांना सांगत होता, “गवाताचा लफडाच नाय आता. पुढल्या माघात पीच तयारच हाय.”

मी काकूकडं बघितलं. वाटलं, आता पेटते. ती पेटली नाही. काठी उचलली, गफूरभायना हाक मारली, आणि गावातली सगळी गुरं, म्हशी, शेळ्या वळवून त्या चौकोनावर आणून उभी केली.

“काकू, पीच खराब होतला!” विनीत ओरडला.

“दुपारचा बसूदेत त्यांना,” ती म्हणाली. “उद्या पन हयच. परवा पन.”

गुरं बसली, उठली, खुरांनी ओली माती चाळवली गेली, आणि सगळ्या चौकोनभर शेणाचे पो पडले. आश्विनात त्या शेणातनं हिरवी टोकं वर आली.

काकूनं वाकून बघितलं. तोंड तसंच कडू.

“बग,” ती मला म्हणाली. “मानसांनी केलेली घाण काढायला गुरांची घाण लागली.”

आणि बेडं लावून घेतलं.