पाच ताईत आणि एक अमर जीव

सिमरोल रस्त्यावरच्या मंडपाचे पडदे ओढले गेले, भर दुपारी काळोख झाला आणि शेकडो माणसांनी श्वास रोखला. चिरंजीव महाराजांनी टोपलीवरचे भगवे वस्त्र दूर केले. आत वीतभर लांबीचा, काटकुळा, माणसासारख्या हातांचा एक जीव अंग चोरून बसला होता. गर्दीच्या मागून एका चेल्याने प्रकाशाचा झोत टाकला आणि त्या जीवाचे डोळे निखाऱ्यासारखे पेटले.

"देख लो भक्तो!" महाराज गरजले. "तीन सौ बरस से यही एक जीव! नर्मदामैया की गोद से निकला, न बूढ़ा होता है, न मरता है! इसका एक बाल, जड़समेत, ताबीज में बांधो और डॉक्टर को बोलो राम-राम!"

"जय हो!" मंडप दणाणला.

पहिल्या रांगेतले नाना तेवढे मान खाली घालून बसले होते. स्नेहलतागंज वस्तीतले हे निवृत्त शिक्षक. जन्मभर जीवशास्त्र शिकवले. हृदयाच्या ऑपरेशननंतर मरणाची धास्ती बसली आणि विद्येने पाठ फिरवली. दरवर्षी महाराजांच्या उत्सवात नवा ताईत. जुना कचऱ्यात टाकायचा नाही, ओंकारेश्वरला नर्मदेत सोडायचा, असा दंडक. नानांचे ओंकारेश्वर कायम 'पुढच्या महिन्यात', त्यामुळे ताईत देवघराच्या खणात साठत गेले. उत्सवात मात्र ते न चुकता माईकवर सांगायचे, "मी सायन्सचा माणूस, पण आज जिवंत आहे तो या ताईतामुळे." सरांनीच सांगितल्यावर अर्धी गल्ली महाराजांच्या पायाशी गेली. असा शिकलेला पोपट महाराजांना शोधून सापडला नसता!

नानांची लेक संहिता बंगलोरला लोरिसवर संशोधन करते. लोरिस म्हणजे माकडांच्या दूरच्या नात्यातला, रात्री जागणारा, दक्षिणेतल्या जंगलांतून नाहीसा होत चाललेला इवलासा जीव. दिवाळीला तिने ताईतातला केस पाहिला आणि सगळे ताईत मागून घेतले. "ने, ने," नाना ऐटीत म्हणाले होते, "एकदाचं सिद्धच होऊ दे!"

काल ती परत आली. हसली नाही, चिडलीही नाही. नानांना तेच जास्त लागले.

"नाना, पाच ताईत, पाच वेगळे लोरिस. केस मुळासकट उपटलेले, म्हणून डीएनए छान मिळाला. एक मेला की दुसरा आणतात, दुसरं काय! आणि पाचही एकाच कुटुंबातले. यात एक आई आहे, तिची दोन पिल्लं आहेत."

"एकाच कुटुंबातले कसे?"

"जंगलाचे तुकडे झालेत. मधे रस्ते, शेतं. हे जमिनीवरून फार चालत नाहीत, म्हणून प्रत्येक तुकड्यातली वंशावळ वेगळी पडली. त्यावरून तुकडाही कळला. तुमच्या महाराजांनी तो रिकामा करत आणलाय."

"आणि ते डोळे?"

"नाना, मांजराचे डोळे रात्री का चमकतात, हे मला कोणी शिकवलं?"

डोळ्याच्या आतला, प्रकाश परतवणारा चकाकता पडदा नववीच्या वर्गात फळ्यावर नानांनीच काढला होता.

"बरं, हार्टच्या गोळ्या बंद केल्यात?"

"छे! रोज घेतो."

"हे कधी माईकवर सांगितलंत?"

नानांनी खिडकीतून शेजारच्या घराकडे पाहिले. शेजारच्या द्वारकाबाईंनी त्यांच्याच शब्दावर इन्सुलिन सोडले होते. गेल्या आठवड्यात त्यांच्या पायाचे बोट कापावे लागले.

आणि आज महाराजांनी नेहमीसारखे पुकारले, "आइए, सरजी! दो शब्द!"

नाना उठले. पडदे त्यांनी स्वतःच्या हाताने सरकवले. लख्ख उन्हात टोपलीतले डोळे विझले आणि त्या जीवाने हातांनी तोंड झाकून घेतले. नानांनी कालचे सगळे सांगितले: पाच जीव, आई, पिल्लं, झोत.

"सरजी सठिया गए हैं!" महाराज हसले.

"सठियालो होतो, साठी बुद्धी नाठी झाली होती, आता नाही," असे म्हणून नानांनी खिशातून गोळ्यांचे पाकीट काढून वर धरले. "मी जिवंत आहे तो यामुळे. रोज घेत होतो आणि तुमच्यापासून लपवत होतो. मला लाज वाटते."

तेवढ्यात संहितेने बोलावलेले वनखात्याचे लोक मंडपात शिरले. त्यांनी टोपली काळ्या कापडाने झाकून उचलली. त्या जीवाच्या घराचा पत्ता आता ठाऊक होता. महाराज मागच्या दाराकडे वळले, पण तिथेही वनखात्याची गाडी उभी होती.

द्वारकाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. पट्टी बांधलेला पाय पुढे धरून त्या म्हणाल्या, "सर, महाराज तर परका. तुम्ही तर आपलेवाले ना? मग मला का नाही बोलले?"

दुसऱ्या दिवसापासून नाना त्यांना ड्रेसिंगला घेऊन जाऊ लागले, पण कापलेले बोट काही परत येत नाही.

वाचकहो, चमत्कार दिसला की पडदा उघडायला सांगा. आणि एखादा शिकला-सवरला माणूस ताईताचे गुण गाऊ लागला, तर हात जोडण्याआधी त्याच्या खिशात गोळ्या आहेत का, तेवढे विचारा.