बयूमीकाकांच्या डोळ्यातले भिंग

मित्रांनो, मला तुम्ही कधी पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही, कारण मी कैरोच्या बयूमीकाकांच्या उजव्या डोळ्याच्या आत राहते. मी एक माणसाने बनवलेले भिंग आहे. वयाने आता जुने, पण अंगाने अजून मऊ. माझी जात जरा निराळी आहे. डोळ्यातल्या स्नायूने दाबले की मी फुगते आणि जवळचे दाखवते. त्याने सोडले की चपटे होऊन लांबचे दाखवते.

काकांचा सारा जीव कबुतरांत. इम्बाबा वस्तीतल्या घराच्या गच्चीवर त्यांनी त्यांच्यासाठी उंच लाकडी मनोरा बांधला होता. संध्याकाळी गच्चीगच्चीवरून थवे सुटत, एकमेकांत मिसळत, आणि दुसऱ्याचे चुकार कबुतर जो आपल्या गच्चीवर उतरवील, ते त्याचे. त्यात रडारड चालत नसे. पण काकांना मोतीबिंदू झाला. एकदा त्यांनी मोठ्या शिताफीने एक कबुतर उतरवले, शुक्रवारच्या बाजारात नेऊन विकले, आणि घरी येऊन पाहतात तो त्यांची स्वतःचीच लाडकी कबुतरी शमा गायब! सारी गल्ली पोट धरून हसली.

"काका," शेजारच्या गच्चीवरून दसूकी ओरडला, "उद्या स्वतःलाच पकडून बाजारात बसवाल!"

त्यांची मुलगी इन्शिराह मात्र हसली नाही. "बाबा, दिसत नाही तरी मनोऱ्यावर चढता. पडलात म्हणजे? ऑपरेशन करून घ्या. त्यानंतरही आपलं कबुतर ओळखता आलं नाही, तर मनोरा उतरवायचा."

काकांनी मान डोलावली. असे मी, मोतीबिंदू काढून, त्याच्या जागी त्यांच्या डोळ्यात आले.

डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, "लांब बघा, जवळ बघा. डोळ्याला कामाला लावा." पण गल्लीतल्या बायकांचे मत पडले, की ऑपरेशन झालेला डोळा म्हणजे बाळंतीण. झाले! इन्शिराहने खिडक्या लावून घेतल्या, काकांना अंथरुणावर बसवले आणि कोंबडीचे सूप पाजत राहिली. तिची माया खरी, पण माझे हाल झाले. स्नायू हलेना, म्हणून मी हलेना. पुदिन्याच्या चहाचा पेला हातात असूनही काकांना तो धूसर दिसे.

"दसूकीला बोलाव," शेवटी ते म्हणाले. "घेऊन जाऊ दे माझी पाखरं."

मला फार वाईट वाटले. मी काम करू शकत होते, पण सांगणार कोणाला?

दसूकी पिंजरे घेऊन आला. काका त्याच्याबरोबर गच्चीवर गेले आणि म्हणाले, "एकदा उडवतो, मग ने." थवा सुटला. काकांनी वर पाहिले, मग हातातल्या कबुतराकडे, पुन्हा वर. आणि काय सांगू, स्नायूने मला पहिल्यांदा चिमटा घेतला! त्यानंतर काकांचे ते 'एकदा' रोज संध्याकाळी होऊ लागले. दसूकी रिकामे पिंजरे आणी, चहा ढोसून तसाच परत जाई. हळूहळू माझे अंग मोकळे झाले.

एका संध्याकाळी काका आकाशाकडे पाहून ओरडले, "दसूक्या, तुझ्या थव्यात ती डावा पंख आखडून वळते ना, ती माझी शमा!"

"भास होतोय तुम्हाला, काका," दसूकी म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते. बाजारातून तिला त्यानेच विकत आणले होते.

काकांनी शीळ घातली आणि हातातले कबुतर उंच धरून नाचवले. शमा गिरकी घेऊन थेट त्यांच्या मनगटावर उतरली. तिच्या चोचीवरचा जुना, बारीक ओरखडासुद्धा मी त्यांना लख्ख दाखवला.

"उतरवलं त्याचं," काका म्हणाले. "रडारड चालत नाही."

"नाही चालत," दसूकी हसला आणि पिंजरे उचलून चालता झाला.

इन्शिराह चहा घेऊन वर आली होती. शमा दाखवायला काका तिच्याकडे वळले आणि पाहतच राहिले.

"पोरी, तुझे केस कधी पांढरे झाले गं?"

"तुम्ही वर बघत होता तेव्हा," ती म्हणाली. मग डोळे पुसत पुढे बोलली, "राहू दे तुमचा मनोरा. पण शिडीला कठडा लावायचा!"

मित्रांनो, डोळे जपा, पण त्यांना कोंडून ठेवू नका. तुमच्या आजीआजोबांनाही नुसते सूप पाजून बसवू नका. त्यांना लांबचे पाहू द्या, जवळचेही पाहू द्या. काका अजून रोज गच्चीवर जातात. थवा सुटला की आधी आकाशाकडे पाहतात, आणि मग न चुकता इन्शिराहच्या चेहऱ्याकडे. माझी फार धावपळ होते, पण माझी तक्रार नाही.