ऑनरच्या घराचा वारस

मागच्या खोलीतल्या गादीवर हेस्टरने लाकडी पट्टी आडवी ठेवली आणि मधोमध राहिलेली फट मोजली. दोन मिलिमीटर. एकतीस वर्षांत गादी एवढीच दबली होती, तीही बहुधा वर रचलेल्या कपड्यांच्या घड्यांच्या भाराने. पुढच्या खोलीतल्या गादीला शेजारी शेजारी दोन खळगे होते. ते मोजायची गरज नव्हती.

कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन गावाच्या त्या चढाच्या गल्लीत हेस्टर नॅन्सला सगळे ऑनर ट्रेव्हास्किसची भाडेकरू म्हणून ओळखत. ऑनर चॅपेलात ऑर्गन वाजवायची, हेस्टर शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. दर शनिवारी हेस्टर मागच्या पलंगावरची न वापरलेली चादर धुऊन दोरीवर टाकी. गल्लीला ती दिसे.

ऑनर फेब्रुवारीत गेली. मृत्युपत्र तिने केलं नव्हतं. हेस्टरने विषय काढला की ती उसळायची.

"माणूस गेलं की त्याचं मृत्युपत्र कुणालाही वाचता येतं, ठाऊक आहे ना? भाडेकरणीला घर का दिलं, म्हणून कुजबुजतील."

"तेव्हा तू असणार आहेस का ऐकायला?"

"असणार ना! चॅपेलाच्या मागेच पुरणार आहेत मला. सगळ्यांच्या पायाखाली."

तिथेच पुरलं. हेस्टर पाचव्या रांगेत बसली होती. पाद्र्यांनी शेवटी आभार मानले, त्यात 'घरातल्या भाडेकरू बाईंचे'ही मानले.

ऑनरला ना भावंडं, ना चुलत-मामे कुणी. देशात बहुतेक ठिकाणी असं बेवारस घर सरकारजमा होतं. कॉर्नवॉलमध्ये ते ड्यूककडे जातं, म्हणजे राजाच्या थोरल्या मुलाकडे. शेकडो वर्षं तसंच चालत आलंय. ऑनरला त्यात काही वावगं वाटलं नसतं. राजघराण्यात लग्न असलं की ती सकाळपासून टीव्हीसमोर टोपी घालून बसायची. "हे सगळं आपल्या खिशातून चाललंय," हेस्टर म्हणायची. "असू दे," ऑनर म्हणायची, "तुझ्या प्रयोगशाळेपेक्षा बघायला तरी बरं आहे."

ड्यूकच्या वकिलांचं पत्र सभ्य होतं. आधी सांत्वन, मग विचारणा: घरात राहणाऱ्या व्यक्तीचा काही हक्क असल्यास मृत व्यक्तीशी असलेलं नातं महिनाअखेरपर्यंत लेखी कळवावं, सोबत दोघींना ओळखणाऱ्या कुणाचा तरी जबाब जोडावा. सोबतच्या अर्जातली नात्यापुढची जागा हेस्टरने तीनदा पेन्सिलीने भरली होती आणि तीनदा खोडली होती. कागद तिथे पातळ झाला होता. कुणाला कळू देणार नाही, हा ऑनरला दिलेला शब्द मोडायचा, की ऑनरचं घर सोडायचं? सहा आठवडे ती याच प्रश्नापाशी अडली होती. विचारायला माणूस एकच होतं, आणि तेच उरलं नव्हतं.

गुरुवारी समोरचा डेन्झिल आला. बोटीवरून निवृत्त होऊन त्याला बारा वर्षं झाली होती, तरी धक्क्यावरून मासळी त्याला अजून फुकट मिळे. पूर्वी दोन बांगडे आणायचा. आता एकच आणला होता.

"काय हेस्टरबाई, राजपुत्र कधी येतायत राहायला?"

"सोमवारपर्यंत कळवायचंय मला."

"शेजारी ड्यूक असला तर माझी ना नाही हं. माझ्या कोंबड्यांचा वास त्याला सोसला पाहिजे, एवढंच."

"तो येत नाही, डेन्झिल. घर विकतात, आणि पैसे दानधर्माला जातात."

"दान करायचं तर माणसानं स्वतःच्या खिशातलं करावं." त्याने बांगडा ओट्यावर ठेवला. "अहो, पण भाडेकरूला असं उठवता येत नाही. पावत्या दाखवा की."

"पावत्या नाहीत."

"नसू देत. मी लिहून देतो. एकतीस वर्षं ही बाई इथे भाड्यानं राहत होती, मी डोळ्यांनी पाहिलंय, दर शनिवारी चादरी वाळत असायच्या. अक्षर बरं नाही माझं, पण सही दणदणीत करतो. राहा आरामात, ड्यूकला भाडं द्या. कुठंय कागद?"

कागद टेबलावरच होता. त्याने खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला. 'भाडेकरू' एवढा एक शब्द लिहिला की झालं असतं. घर राहिलं असतं, ऑनरचं गुपितही राहिलं असतं, आणि हेस्टर त्या पुढच्या खोलीत मरेपर्यंत भाडेकरू म्हणून झोपली असती. ऑनरच्या आयुष्यात कुणीच नव्हतं, हेही मग कायमचं लेखी राहिलं असतं.

डेन्झिलने पेनाचं टोपण काढलं. "बोला, काय लिहू?"

हेस्टरने ओट्याची कड धरली. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिने मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं.

"मी भाडेकरू नव्हते, डेन्झिल," ती म्हणाली. "ऑनरचा आणि माझा संसार होता. मी तेच लिहून देणार आहे."