उजव्या हाताची तर्जनी

नर्सने सलाइनची सुई काढली, त्या जागी कापूस दाबून धरला आणि सहज बोलल्यासारखी बोलली.

"भाऊ मात्र नशिबानं मिळालाय हो तुम्हाला. ऑपरेशन झाल्यावर तुम्ही गुंगीत होतात, तर तुमचा हा हात हातात घेऊन बसले होते. हलायला तयार नव्हते."

ती पडल्या पडल्या हसली. हसताना पोटावरचे टाके ओढले गेले.

"कधी?"

"गुरुवारीच की. बारा-साडेबाराला."

नर्स गेल्यावर तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. अंगठ्याएवढा, काळा, वर काचेचा छोटा चौकोन. सुनावणी सोमवारी होती आणि आज शनिवार. त्याआधी त्यातले सगळे जबाब एकदा ऐकून घ्यायचे होते. मांडीवर लॅपटॉप ठेवून तिने काचेवर उजव्या हाताची तर्जनी टेकवली. हिरवा दिवा लागला. ड्राइव्ह कधी कधी उघडला गेला त्याची यादी पडद्यावर आली. सगळ्यात वरची ओळ होती : गुरुवार, बारा वाजून अठरा मिनिटं.

ती ओळ तिने तीनदा वाचली. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

ती कामगार सल्ला केंद्रात जबाब रेकॉर्ड करण्याचं काम करायची. चार महिन्यांपूर्वी कारखान्यातला बॉयलर फुटून दोन माणसं गेली होती. त्यानंतर एकतीस कामगार तिच्याकडे एकेकटे, मागच्या दाराने येऊन बोलून गेले. अट एकच, कारखान्यात कळता कामा नये. प्रत्येकाला तिने हा ड्राइव्ह दाखवला होता. "चोरीला गेला तरी आतलं अक्षर कुणाला लागायचं नाही. माझं बोट टेकलं तरच उघडतो." एका म्हाताऱ्या वेल्डरने तो उलटासुलटा करून पाहिला होता आणि म्हणाला होता, "मग बाई, बोट जपा."

ऑपरेशनला आत नेताना चष्मा, घड्याळ आणि पर्स तिने धाकट्या भावाकडे दिली. तो त्याच कारखान्यात यंत्रांची सुरक्षा बघणारा अधिकारी होता. त्या घाईत ते तिच्या मनातही आलं नाही. पाठचा भाऊ, त्याच्याकडे नाही द्यायची तर कुणाकडे?

दुपारी तो सूपचा थर्मास घेऊन आला.

"कसं वाटतंय, ताई?"

"गुरुवारी माझा हात कशाला धरला होतास?"

त्याने थर्मासचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"तू गुंगीत होतीस, म्हणून..."

"कशाला धरला होतास?"

तो स्टुलावर बसला.

"साहेबांना एवढंच हवं होतं, की कोण काय बोललंय."

"दिलंस?"

"कॉपी दिली."

"नावं नसली तरी आवाजावरून ओळखतील एकेकाला! सोमवारी गेटवरूनच हाकलून देतील. एकतीस घरं आहेत ती!"

"मला दोन पोरं आहेत, ताई."

"मेलेल्यांना नव्हती?"

शेजारच्या पलंगावरच्या बाईने कूस बदलली. तिने आवाज खाली आणला. लहानपणी ताप आला की हाच तिचं बोट धरून झोपायचा. आणि आता तेच बोट त्याने, ती शुद्धीवर नसताना, किल्लीसारखं फिरवलं होतं.

तो पुढे वाकला. डोळ्यांत पाणी होतं.

"पण एक सांगू? मी सगळं ऐकलं. एकानंही माझं नाव घेतलेलं नाही. एकतीस माणसं, ताई! जीव भांड्यात पडला माझा. इतकी वर्षं एकत्र काढली, त्याची जाण ठेवली त्यांनी."

ती काहीतरी जहाल बोलणार होती. ते ओठांवरच राहिलं. तिने मान फिरवली.

"ऊठ. बाहेर हो."

"ताई, सूप तरी..."

"थर्मास घे आणि बाहेर हो!"

तो गेल्यावर तिने वेल्डरला फोन लावला. काय झालं ते आडपडदा न ठेवता सांगितलं, फक्त चोराचं नाव सोडून. तो तडकला.

"तुमच्या शब्दावर आलो होतो आम्ही! काय सांगू आता बाकीच्यांना? घरी बसा म्हणून?"

तिने ऐकून घेतलं.

"जाऊ दे नोकरी," तो धापा टाकत म्हणाला. "गेली तर गेली. पण बॉयलरची झडप न तपासता 'तपासली' म्हणून सही कुणी ठोकली, ते तर आहे ना त्यात? तेवढ्याचसाठी आलो होतो आम्ही."

एकोणीस जणांनी ते नाव घेतलं होतं. कानाला हेडफोन लावून, दोन रविवार बसून, तिने एकेक वाक्य कापून काढलं होतं. मुख्य मुद्दा बॉयलरचा आहे, एका माणसाचा नाही, असं स्वतःला समजावत.

"नाही," ती म्हणाली. "मी काढून टाकलं. तो माझा भाऊ आहे."



"माहितीये," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहितीये आम्हाला. दोघंचौघं तुमच्याकडे यायला नकोच म्हणत होते. मीच म्हटलं, बाई तशा नाहीत."



"मूळ रेकॉर्डिंग केंद्रातल्या कपाटात आहे. न कापलेलं. सोमवारी तेच जाईल," ती म्हणाली.

"बघू," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तिने टाक्यांवर तळहात दाबून पलंगावरून पाय खाली सोडले आणि केंद्रात जायला ती चपला शोधू लागली.