सत्तेचाळीसचा संचार

"तीन लाख चौदा हजार चारशे बत्तीस!"

मोबाइलवर गुणाकार करून आमच्या गल्लीतल्या न्हाव्यानं प्रेक्षकांतून आकडा ओरडून सांगितला. त्यानं मनात दोन आकडी एक संख्या धरली होती, तिला तिनंच गुणलं होतं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा तिनंच गुणलं होतं. स्टेजवर काळी पट्टी बांधलेली शिष्या जरा डोलली आणि म्हणाली, "अडुसष्ट."

न्हाव्यानं तोंडात बोटं घातली. "अडुसष्टच हो! देवाशपथ अडुसष्ट!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. मी मात्र खुर्चीत चडफडत बसलो होतो. अरे, आकडा ऐकायचा कानांनी, मग पट्टी डोळ्यांवर कशाला? पण हे विचारणार कोण? सगळे टाळ्या वाजवण्यात गुंग.

गणितबाबा पुढे आले. बाबा म्हणजे जटा, भस्म असलं काही नाही. कडक इस्त्रीचा कोट, कॉलरला माइक आणि आवाजात साय.

"विद्या बाहेरून येते का? नाही! ती आतच आहे. तुम्ही पेन धरता, खाडाखोड करता आणि तिची वाट अडवता. पेन ठेवा! पुस्तक मिटून डोक्यावर धरा. संचार होऊ द्या!"

माझ्या शेजारी माझी मेहुणी पुस्तक डोक्यावर धरून, डोळे मिटून बसली होती. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात. ही धाकटी मोठ्या इस्पितळाच्या तळघरात चादरी धुते. वरच्या मजल्यावर एक्स-रे काढतात. एकदा तिथल्या बाईंनी तिला काचेवर लावलेलं हाताचं चित्र दाखवलं आणि ही खुळावलीच. "भाऊजी, मला हे शिकायचंय." त्या कोर्सच्या प्रवेश परीक्षेला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, आणि वयाच्या अटीमुळे तिच्यासाठी हे शेवटचं वर्ष होतं.

मी शाळेत गणित शिकवतो. म्हटलं, ये संध्याकाळी. पण बाईसाहेब मानी! "माझं मी शिकेन." रद्दीच्या दुकानातून पुस्तकं आणली, आणि एकट्यानं शिकणारे जी चूक हमखास करतात तीच केली. सोडवलेली उदाहरणं ती कादंबरीसारखी वाचायची. ओळीओळीला मान डोलवायची, "समजलं, समजलं." पुस्तक मिटलं की पाटी कोरी. मी सांगून दमलो, "अगं, उत्तरावर हात ठेव. पेन्सिल घे. आधी अपूर्णांक पक्के कर." पेन्सिल घेतली की चुकायचं, चुकलं की ती रडकुंडीला यायची. आपल्याला डोकंच नाही, असं तिनं धरून ठेवलं. अशा वेळी तिला हे बाबा भेटले. पेन खाली ठेवा म्हणणारा माणूस तिला देवासारखा वाटला, यात नवल ते काय! तेव्हापासून तिनं वहीला हात लावला नव्हता, आणि परीक्षा आठवड्यावर आली होती.

"आणखी कुणी?" बाबांनी विचारलं.

मी उठलो. धाकटीनं माझी बाही ओढली, "भाऊजी, बसा ना!"

"एक लाख तीन हजार आठशे त्रेपन्न," मी म्हणालो.

शिष्या डोलली. "सत्तेचाळीस."

"चूक!" मी ओरडलो. "काढा मोबाइल सगळ्यांनी! सत्तेचाळीसला सत्तेचाळीसनं गुणा, परत सत्तेचाळीसनं गुणा. शेवटी आठशे तेवीस येतात, त्रेपन्न नाही. मी आकडा खोटा दिला. कुठल्याच संख्येचा तो घन नाही! संचार होता तर हिला ते कळलं कसं नाही?"

लोक मोबाइलवर बोटं आपटू लागले. न्हावी हळूच म्हणाला, "तेवीसच येतात की हो."

मला वाटलं, झालं, पितळ उघडं पडलं. पण बाबा हसले. "बघा! यांच्या मनात सत्तेचाळीसच होतं. शंकेनं आकडा गढूळ झाला. शिष्येनं गढूळ पाण्यातूनही तळ पाहिला!"

आणि टाळ्या! मघापेक्षा जोरात. दोन धट्टेकट्टे सेवक मला अगदी आदरानं दाराबाहेर सोडून गेले.

धाकटी मागोमाग आली, रागानं लाल झालेली. तिला पायरीवर बसवलं आणि माझ्या वहीत एक ते नऊचे घन लिहून दिले. "शेवटचा अंक बघ. दोनाचा घन आठात संपतो, आठाचा दोनात. तीन आणि सात यांचीही अशीच अदलाबदल. बाकीचे जसेच्या तसे. म्हणजे शेवटच्या अंकावरून एकं कळलं. आता शेवटचे तीन अंक खोडून टाक. जे उरेल त्यात कुठला मोठ्यात मोठा घन बसतो? ते दहं. मधल्या अंकांकडे ती पोरगी बघतच नाही, म्हणून तर फसली. हं, सतरा हजार पाचशे शहात्तर?"

तिनं ओठ चावला. "शेवटी सहा... म्हणजे सहा. सतरात आठ बसतात, सत्तावीस नाही. म्हणजे दोन. सव्वीस?"

"सव्वीस! शाब्बास! बघ, पट्टी नाही, संचार नाही."

ती हसली. इतक्या दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "पेपरात हे येतं का?"

"नाही."

"मग काय येतं?"

"अपूर्णांक. समीकरणं. भिंगं. वीज."

ती वहीकडे बघत राहिली. "म्हणजे ते सगळं परत पहिल्यापासून. एका आठवड्यात." मला खोटं बोलवेना.

ती नापास झाली. निकालाच्या दिवशी आमच्याकडे आली, बायकोनं पुढं केलेला चहा तिनं तसाच ठेवला आणि मला म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही शंका काढलीत ना भाऊजी, तिथंच माझा संचार तुटला."

"अगं, तू स्वतः सव्वीस काढलंस!"

"ती युक्ती होती. बाबांचं खरं असणार."

मी तोंड उघडलं, पण बायकोनं डोळ्यांनीच दटावलं. तिचं बरोबर होतं. बाबा खोटे ठरले असते, तर ते हातातून गेलेले महिने धाकटीनं स्वतःच घालवले, असं झालं असतं. तेवढं सोसायची ताकद तिच्यात उरली नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

आता ती लेकीलाही त्या हॉलमध्ये नेते. पोरगी नववीत आहे, गणितात बरी होती. हल्ली पुस्तक डोक्यावर धरून बसते.

त्या घरात माझं कुणी ऐकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. स्वतः शिकायचं असेल तर सोप्यापासून सुरू करा, उत्तरावर हात ठेवा आणि चुका. चुकलात म्हणजे डोकं नाही असं नव्हे, काम चालू आहे असा त्याचा अर्थ. कष्टाशिवाय विद्या देतो म्हणणाऱ्याला एक खोटा आकडा द्या आणि काय म्हणतो ते ऐका. आणि तो जे काही म्हणेल त्यावर टाळ्या वाजवण्याआधी, कृपा करून, एकदा गुणाकार करून बघा.