ओठावरचं माप

परीक्षाच घ्यायची होती तर तोंडाने तसं म्हणायचं. पण धाकट्याला ते जमलं असतं तर आणखी काय हवं होतं. "बाबा, आज तुमच्या हातचं हॉट चॉकलेट होऊन जाऊ दे," असं म्हणाला तो, अगदी लाडात येऊन, आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षातून दोनदा तोंड दाखवणारा हा भाऊ, त्याला बरी आजच आठवण झाली. खुर्चीवर टाकलेल्या त्याच्या कोटाच्या खिशातून वृद्धाश्रमाचा अर्ज बाहेर डोकावत होता. तिने तो वाचलाही होता. एका खोलीत दोघे, स्वतःची भांडी आणायची नाहीत, भेटायची वेळ चार ते सहा.

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले तशी तिने त्याला खिडकीपाशी गाठलं.

"लाज वाटत नाही तुला?"

"ताई, मी काही राक्षस नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले ते तूच मला फोनवर वाचून दाखवलंस. डाव्या अंगाला गरम-गार कळत असेल तर खुशाल एकटे राहू देत. कळत नसेल तर गॅसपाशी एकटं सोडायचं नाही. त्यांनी आपली मदत न घेता एवढं नीट करून दाखवावं, मी आत्ता तुझ्यासमोर तो कागद फाडतो."

"सगळं कळतं त्यांना. चार महिने मी बघतेय. तू कुठे होतास?"

यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला. बघणारच. बाबांना अर्धांगाचा झटका आला त्या दिवसापासून हॉस्पिटलच्या खेपा तिच्या, औषधं तिची, व्यायामासाठी बाबांची मनधरणी करणंही तिचंच. लाँड्रीतली आठ तास उभ्याची नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी ती इथे येत होती. तिचं स्वतःचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाबांना दहा पायऱ्या चढल्या की धाप लागायची, नाहीतर त्यांना आपल्याकडे न्यायला तिने कुणाला विचारलंही नसतं. बाबांना याच घरात राहायचं होतं. चार महिन्यांत त्यांनी दुसरं काही मागितलंच नव्हतं.

शिवाय परीक्षा कसली, तर हॉट चॉकलेटची. तिला मनातल्या मनात हसू आलं. चॉकलेटच्या कारखान्यात चाळीस वर्षं घालवलेला माणूस हा. वितळलेलं चॉकलेट साच्यात ओतायच्या आधी नेमकं किती गरम हवं, हे बाबा ओठावर ठरवायचे. लाकडी पट्टीचं टोक बुडवायचं, खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला टेकवायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचं, ओता, किंवा थांबा. कारखान्यात त्यांना सगळे थर्मामीटरकाका म्हणत. पुढे साहेबाने खराखुरा थर्मामीटर आणला तेव्हा बाबा आठ दिवस घरात कुणाशी धड बोलले नव्हते. नवव्या दिवशी साहेबाने तो कपाटात ठेवून दिला, तेव्हा कुठे आमटीला चव आली.

दोघं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बाबांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"हात मागे," ते म्हणाले. "कुणी मध्ये लुडबुडायचं नाही. मला काही कळत नाही असं समजू नका. बघायला आलात ना, बघा."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. थोरलीला इतका संताप आला की धाकट्याच्या पायावर पाय द्यावासा वाटला. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच ओट्यासमोर असं उभं करायचं, शाळेतल्या पोरासारखं.

पण काय काम होतं ते. सुरी उजव्या हातात, चॉकलेटची वडी कोपऱ्याकडून बारीक, एकसारखी कापली, चुरा अजिबात सांडला नाही. जाड बुडाच्या पातेल्यात दूध, मंद आच, साखर थोडी, मीठ चिमूटभर. "मीठ?" धाकट्याने विचारलं आणि थोरली त्याच्यावर खेकसली, "कायम घालतात. तू प्यायचास आणि पळायचास, तुला काय माहीत." बाबा गालातल्या गालात हसले. दुधाच्या कडेला वाफ धरली तसं त्यांनी चॉकलेट घातलं आणि लाकडी चमच्याने ढवळायला घेतलं. दूध उकळू द्यायचं नाही, उकळलं की चॉकलेटचा जीव जातो, हे तिने लहानपणापासून हजारदा ऐकलं होतं.

त्यांनी चमचा उचलला, ओठाच्या डाव्या कोपऱ्याला टेकवला, डोळे मिटले.

"अजून नाही," ते म्हणाले.

धाकट्याचा फोन वाजला म्हणून तो खाली मान घालून काहीतरी टाइप करायला लागला. बाबा ढवळत राहिले. पुन्हा चमचा, पुन्हा ओठ. "कोमट आहे." थोरलीने पातेल्यात पाहिलं. कडेने बारीक बुडबुडे यायला लागले होते. तिला वाटलं, डोळ्यांना दिसतंय तरी का थांबत नाहीत? पण बाबांचा डोळ्यांवर कधीच विश्वास नव्हता. डोळे फसवतात, ते म्हणायचे, ओठ फसवत नाही. तिसऱ्यांदा त्यांनी चमचा टेकवला तेव्हा त्यावरून वाफ निघत होती आणि तो त्यांनी चांगला दोन सेकंद तसाच धरला.

"हं. आता झालं," ते समाधानाने म्हणाले आणि गॅस बंद केला.

तीन कप भरले. थेंब सांडला नाही. धाकट्याने फुंकर घालून घालून घोट घेतला, जीभ पोळली म्हणून हा-हू केलं, दुसरा घोट घेतला आणि मग त्याचं तोंड लहानपणी व्हायचं तसं झालं.

"हरलो," तो म्हणाला. "ताई, तू म्हणत होतीस तेच खरं. बाबा कुठे जात नाहीत." त्याने कोटाच्या खिशातून अर्ज काढला, त्याची दुहेरी घडी घातली आणि फाडायला दोन्ही हातांत धरला.

थोरली जिंकली होती. भावाच्या नाकावर टिच्चून जिंकली होती. आणि समोर बाबा हसत बसले होते, खालच्या ओठाचा डावा कोपरा लालबुंद झालेला, त्यावर वाटाण्याएवढा फोड टरारून वर येत होता. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

म्हणजे चार महिने ते थापा मारत होते. गरम कळतंय का, कळतंय. टोचतंय का, टोचतंय. सुईकडे बघून सांगत असणार. आणि ती शहाणी, ती मान डोलावून भावाशी फोनवर भांडत होती. तिला बाबांचा राग आला. धाकट्याचा आला, कारण मेला बरोबर होता. गप्प बसावं, असं अगदी मनात आलं. त्याला दिसत नव्हतं, तो उद्या जाणार होता. पण रात्रीचं गरम पाणी बाबा एकटे काढायचे, डाव्या हाताने.

"फाडू नकोस," ती म्हणाली.

"काय?"

"फाडू नकोस म्हणते ना. बाबा, तुमचा ओठ भाजलाय."

बाबांचं हसू जागच्या जागी थांबलं. "काहीतरी बोलू नकोस."

"फोड आलाय, बाबा."

"कुठे?" ते कडाडले आणि बोट ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवलं. तिथे काही नव्हतं. मग बोट मधे आलं, मग हनुवटीवर गेलं. धाकट्याने कागद टेबलावर ठेवला आणि दुसरीकडे पाहिलं. बाबांचं बोट शेवटी फोडावर आलं, त्याच्यावरून फिरलं, बोटाला तो लागला, ओठाला बोट लागलं नाही.

त्यांनी बोट खाली घेतलं.

"तुला गप्प बसता आलं नसतं?" त्यांनी विचारलं. आवाज इतका कडवट की तसा तिने कधी ऐकला नव्हता. "तो फाडत होता ना. तुझ्या बापाचं काय गेलं असतं?"

"नाही बसता आलं," ती म्हणाली. तिचाही आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. "मलाच फसवलंत तुम्ही. त्याला नाही, मला."

बाबांनी आपला कप तिच्यापुढे सरकवला, इतक्या जोरात की चॉकलेट बशीत सांडलं.

"मग आता तूच सांग," ते म्हणाले. "पिण्याजोगं झालंय का ते."

तिने कप उचलला, कड ओठाला लावली. चटका बसला.

"नाही," ती म्हणाली. "थांबा थोडं."

ते थांबले.